भाषा : इतर

खानापूरच्या कचेरीत, मागच्या खोलीत
मी चार महिने टॅग चिकटवले.
फायलीमागं दीड रुपया. गोंद कंपनीचा,
खोकला ज्याचा त्याचा.

टॅग म्हणजे बोटाएवढी पट्टी,
आत केसासारखी तार वळत वळत गेलेली,
मधे तिळाएवढा काळा ठिपका.
हुबळीहून आलेला विरूपाक्ष म्हणाला, ह्यात बॅटरी नाही.
यंत्र जवळ धरलं की जागा होतो,
आपला आकडा सांगतो,
परत झोपतो.
"विचारलं तरच बोलतो व्हय?" मोनाप्पा म्हणाला,
"मग आमच्या कचेरीत टिकंल."

मोनाप्पा देवलत्तकर, शिपाई, एकतीस वर्षं ह्याच खोलीत.
त्याला आकडे लागायचे नाहीत.
चापगाव म्हटलं की डावीकडं, कौल गळतं तिथं.
हलशी वर, वाळवीपायी दोनदा उन्हात घातलेली.
नंदगडचा रुमाल तो नाकानं ओळखायचा,
कुण्या जुन्या कारकुनानं किडीसाठी
त्यात तंबाखूची पानं घातली होती,
"खरं किडीलाच सवय लागली."

संगणकात रकाने होते.
गाव. वर्ष. पानं. स्थिती. भाषा.
भाषेचा बाण दाबला की तीन नावं खाली लोंबायची:
कन्नड, इंग्लिश, इतर.
पहिल्याच दिवशी मी विचारलं.
विरूपाक्षनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"अक्का, मी फक्त मशीन बसवतो."
त्याची चूक नव्हती. त्यानं चहा सांगितला.
मराठी इतरमध्ये गेली, मोडी इतरमध्ये,
एक उर्दू वाटणीपत्र,
गोव्याकडची एक पावती, पोर्तुगीज शिक्क्याची,
सगळे इतर, एकमेकांना टेकून.

लोखंडाला पाठ लागली की टॅग मुका होतो.
म्हणून एकेक रुमाल बोटभर पुढं ओढायचा,
लाजऱ्या पोराला पाहुण्यांपुढं करतात तसा.

मग दारात दोन पांढरे खांब उभे राहिले.
विनापरवानगी कागद बाहेर निघाला
की ते ओरडणार.

मोनाप्पाचा शेवटचा दिवस.
शाल, नारळ, पाव किलो कुंदा.
पाच वाजता तो निघाला
आणि खांब ओरडले.
परत आत. परत बाहेर. परत ओरडले.
पिशवी टेबलावर उपसली:
डबा, चष्म्याचं घर, बसचा पास, नारळ.
राखणदार स्वतःच्या बुटांकडं बघायला लागला.
मोनाप्पा काही बोलला नाही.
त्यानं दोन्ही हात वर केले,
कुणी सांगितलं नसताना.

विरूपाक्षनं हातातलं यंत्र हळू फिरवलं,
छातीवरून, खिशांवरून,
पाठीशी गेल्यावर ते टुकटुकलं, मग घाईनं टुकटुकलं.
स्वेटरच्या लोकरीत, मानेखाली,
माझाच एक टॅग.
दुपारी रॅकला टेकून तो डुलकी काढायचा.

पडद्यावर आलं:
देवलत्ती. १९३१. पानं अकरा.
स्थिती : जीर्ण, जपून हाताळावे.
भाषा : इतर.

आधी कुणीतरी एकटंच हसलं, मग सगळी कचेरी,
मॅडमसुद्धा.
मोनाप्पानं ते परत वाचायला लावलं,
एकदा कन्नडमधून, एकदा मराठीतून.
"गाव बरोबर हाय," म्हणाला.

मी पट्टी सोडवायला लागले, लोकर ताणली.
"राहू दे की गं. कुठं चुकलो तर गावंन."
खरं काढावीच लागली, हिशेबातली होती.

आता जिची पट्टी, ती फाईल हवी.
यंत्र घेऊन मी आत गेले, रॅकमागून रॅक हिंडले,
सगळी गावं आपापले आकडे सांगत होती,
देवलत्ती तेवढी गप्प.
खांबांमधून तो बाहेर पडला, खांब काही म्हणाले नाहीत.
पायरीवर चप्पल घालता घालता,
मागं न बघता, त्यानं सांगितलं:
"तिसऱ्या रॅकच्या बुडाला बघ, उजवीकडं.
वाकायला लागतंय जरा."